‘लॅटेक्स-फ्री’ हातमोजे घातले, तरी हाताला पुरळ का येते?

साधारण पन्नाशीच्या एक बाई काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे आल्या. सासऱ्यांना पक्षाघात झाल्यापासून ते अंथरुणाला खिळलेले होते. लघवीसाठी कॅथेटर होते आणि डायपरही लावावे लागत होते. ही सगळी सेवा त्या स्वतः करत आणि त्यासाठी हातमोजे घालत. पहिले काही आठवडे काहीच त्रास झाला नाही. मग मोजा जिथे संपतो तिथे, मनगटावर, खाज सुटू लागली. हळूहळू हाताच्या पाठीवर बारीक पुरळ आले आणि त्यातून पाणी येऊ लागले. औषधाच्या दुकानदाराने सांगितले, “तुम्हाला रबराची ॲलर्जी दिसते. हे निळे घ्या, लॅटेक्स-फ्री आहेत.” त्यांनी जास्त पैसे मोजून निळे नायट्राइलचे मोजे आणले. आठवडाभर जरा बरे वाटले आणि पुरळ पुन्हा उठले. शेवटी त्यांनी मोजे घालणेच सोडले.

“डॉक्टर, मला सगळ्याच रबराची ॲलर्जी आहे. आता मी तसेच करते आणि नंतर साबणाने हात धुते,” त्या म्हणाल्या.

मला काळजी पुरळाची नव्हती, ते बरे होते. काळजी होती ती भेगा पडलेल्या, ओल्या झालेल्या उघड्या हातांनी कॅथेटर हाताळण्याची. अशा त्वचेवर जंतू सहज ठाण मांडतात, आणि ते हातावरून कॅथेटरमार्गे रुग्णाच्या मूत्रमार्गात जाऊ शकतात. उलट दिशेनेही संसर्ग होतो, कारण तडकलेली त्वचा रुग्णाच्या शरीरातल्या स्रावांना अडवू शकत नाही.

बाईंना सगळ्या रबराची ॲलर्जी नव्हती. खरे तर त्यांना रबराचीच ॲलर्जी नव्हती. रबराचे रेणू एकमेकांना बांधण्यासाठी कारखान्यात जी रसायने घालतात, त्यांची होती. हा फरक समजला तर योग्य मोजे निवडता येतात. तो समजला नाही, तर माणूस एका खोक्यावरून दुसऱ्या खोक्यावर जात राहतो आणि अखेर कंटाळून मोजे टाकून देतो.

एकाच पुरळाची तीन कारणे

हातमोज्यांमुळे होणाऱ्या त्रासाला सरसकट ‘रबराची ॲलर्जी’ म्हणतात. पण त्यात तीन वेगवेगळे प्रकार असतात.

सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे ॲलर्जी नसलेली त्वचेची जळजळ. दिवसातून वीस वेळा साबणाने हात धुणे, हात नीट न पुसता ओल्या हातावर मोजा चढवणे, तासन्‌तास मोज्यात घाम साचणे यांमुळे त्वचेवरचे नैसर्गिक तेल निघून जाते. हात कोरडे पडतात, चरचरतात, बोटांच्या पेरांवर भेगा पडतात. सवयी बदलल्या आणि मलम लावले की हे बरे होते.

दुसरा प्रकार कमी आढळतो, पण धोकादायक आहे. नैसर्गिक लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. त्या चिकात झाडाची प्रथिने असतात आणि काही माणसांचे शरीर त्या प्रथिनांविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्ये तयार करते. अशा माणसाने लॅटेक्सला स्पर्श केला की काही मिनिटांत त्वचेवर गांधी उठतात, शिंका येतात, डोळे चुरचुरतात, दम लागतो. क्वचित रक्तदाब कोसळून जीवही धोक्यात येतो. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने प्रत्येक रुग्णाच्या रक्तापासून सारखीच काळजी घ्यावी असे सांगितले. त्यानंतर जगभर लॅटेक्स मोज्यांचा वापर प्रचंड वाढला आणि त्यापाठोपाठ ही ॲलर्जीही. मोजे सहज चढावेत म्हणून आत मक्याच्या पिठाची पूड असे. लॅटेक्सची प्रथिने त्या पुडीला चिकटून हवेत उडत आणि श्वासावाटे आत जात. अमेरिकेत २०१७ पासून पूड लावलेल्या वैद्यकीय मोज्यांवर बंदी आहे.

तिसरा प्रकार बाईंना होता. यात आयजीईचा संबंध नसतो. शरीरातल्या टी-पेशी एखादे रसायन ‘ओळखून’ ठेवतात आणि पुढच्या वेळी ते त्वचेला लागले की एक ते तीन दिवसांनी तिथे दाह सुरू करतात. मोजा सोमवारी घातला आणि पुरळ बुधवारी आले, तर माणसाला दोन्हींचा संबंध कसा जुळावा? ही ओळख पटायला काही आठवडे लागतात, कधी कधी काही वर्षेही. म्हणून “मी तर इतके दिवस हेच वापरत होते” या वाक्याने ॲलर्जीची शक्यता संपत नाही. एकदा झालेली ही ॲलर्जी बहुधा आयुष्यभर राहते.

दुकानदाराचा सल्ला दुसऱ्या प्रकारासाठी अगदी बरोबर होता. नायट्राइलमध्ये झाडाची प्रथिने नसतातच. तिसऱ्या प्रकारासाठी मात्र तो अपुरा पडला, कारण जी रसायने पांढऱ्या मोज्यात असतात, तीच बऱ्याच निळ्या मोज्यांतही असतात. ती तिथे का असतात हे समजायला थोडे रबराच्या आत डोकवावे लागेल.

रबराला रबरपण कशाने येते?

शिजवलेल्या शेवयांचा गोळा डोळ्यांपुढे आणा. तो ओढला तर शेवया एकमेकींवरून घसरतात आणि गोळा लांबतो. सोडल्यावर तो आपोआप पूर्वीसारखा होत नाही. कच्च्या रबराचे तसेच आहे. त्याच्या लांबच लांब रेणूसाखळ्या नुसत्या गुंतलेल्या असतात, बांधलेल्या नसतात. त्यामुळे ते उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत कडक.

आता या शेवया मधूनमधून एकमेकींना गाठीने बांधल्या अशी कल्पना करा. ओढल्यावर त्या ताणतील, पण घसरून दूर जाणार नाहीत, आणि सोडल्यावर जागेवर येतील. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता वापरून हीच करामत साधली. गंधकाचे अणू दोन साखळ्यांमध्ये पूल बांधतात. या पुलांना आपण दुवे म्हणू. दुवे फारच कमी असतील तर मोजा लोंबतो आणि फाटतो. फार जास्त असतील तर तो कडक होतो आणि ठिसूळपणे तुटतो. मधले प्रमाण साधणे हेच मोजे बनवणाऱ्याचे कसब.

गंधकाची अडचण एकच, ते फार सावकाश काम करते. कारखान्यात चिनी मातीचे हात एका साखळीवरून फिरत असतात. ते आधी कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात आणि मग द्रवरूप रबरात बुडतात, पाण्यात धुतले जातात आणि भट्टीतून जातात. हे सगळे मिनिटांत उरकायचे असते. म्हणून गंधकाच्या सोबतीला त्याला घाई करायला लावणारी रसायने घालतात. त्यांना ॲक्सिलरेटर म्हणतात. थाययुराम, डायथायोकार्बामेट आणि मर्कॅप्टोबेन्झोथायाझोल हे त्यांचे नेहमीचे गट. नावे पाठ करायची गरज नाही, पण ती खोक्यावर किंवा तपासणीच्या अहवालावर दिसली तर ओळखता यावीत. काम झाल्यावर ती सगळी संपून जात नाहीत. काही अंश मोज्यात उरतो. हाताला घाम आला की तो उरलेला अंश त्या ओलाव्यात उतरतो आणि त्वचेत शिरतो. घामाने भिजलेल्या हाताला जास्त त्रास होतो त्याचे हे एक कारण.

निळ्या मोज्यातली दुसरी गाठ

नायट्राइल हे माणसाने बनवलेले रबर आहे. ब्युटाडाईन आणि ॲक्रिलोनायट्राइल या दोन रसायनांच्या साखळीतून ते बनते. ॲक्रिलोनायट्राइलमुळे त्याला तेल सोसण्याची ताकद येते आणि ब्युटाडाईनमुळे लवचीकपणा. हातमोज्यांसाठी मात्र त्यात एक तिसरा घटकही थोडासा मिसळतात. तो बहुधा मेथॅक्रिलिक ॲसिड असतो. त्यामुळे साखळीवर ठिकठिकाणी आम्लाचे छोटे गट येतात, त्यांना कार्बॉक्सिल गट म्हणतात. या रबराला कार्बॉक्सिलयुक्त नायट्राइल म्हणतात आणि दवाखान्यातले निळे मोजे बहुतेक याचेच असतात.

हे गट कशासाठी? कारण त्यांना जस्त धरून ठेवते. रबरात झिंक ऑक्साइड घातले की जस्ताचा एक आयन शेजारच्या दोन साखळ्यांवरच्या आम्लगटांना एकाच वेळी पकडतो. म्हणजे गंधकाशिवाय, ॲक्सिलरेटरशिवाय दुवा तयार झाला. झिंक ऑक्साइड म्हणजे तेच, जे कॅलामाइन लोशनमध्ये आणि बाळाच्या डायपरच्या पुरळावर लावायच्या क्रीममध्ये असते. त्वचेला ते सहसा चांगले मानवते.

हे दोन्ही दुवे एकसारखे नाहीत. गंधकाचा दुवा हा सुईदोऱ्याचा टाका आहे. एकदा घातला की घातला, तुटला तर तुटलाच. जस्ताचा दुवा टिचबटणासारखा आहे. जोर लागला की सुटतो आणि जवळच दुसऱ्या ठिकाणी पुन्हा लागतो. या एका गोष्टीतून नायट्राइलच्या मोज्याचा सगळा स्वभाव समजतो.

मोजा ताणला जात असताना टिचबटणे सुटत आणि लागत जोर वाटून घेतात. त्यामुळे पातळ पापुद्राही मजबूत राहतो. नवा नायट्राइल मोजा घातल्यावर आधी घट्ट वाटतो आणि काही मिनिटांनी हाताच्या उबेने सैलावून बसतो, हेही त्यामुळेच. साखळ्या हाताच्या आकाराप्रमाणे नवी बटणे लावून घेतात. नैसर्गिक लॅटेक्स असे करत नाही, ते सतत आक्रसून हाताला धरून ठेवते.

पण टिचबटणांना मर्यादाही आहेत. उष्णतेने ती ढिली पडतात, आणि आम्लाच्या संपर्कात सुटू लागतात. नुसत्या जस्ताच्या भरवशावरचा मोजा सुरुवातीला छान वाटतो, पण घाम, रसायने आणि वेळ यांच्यापुढे लवकर नमू शकतो. म्हणून बहुतेक कारखाने दोन्ही प्रकारचे दुवे वापरतात, ताकदीसाठी जस्त आणि टिकाऊपणासाठी गंधक. गंधक आले की ॲक्सिलरेटर आले, आणि लॅटेक्स-फ्री मोज्यातही बाईंना त्रास देणारे रसायन येऊन बसले.

म्हणजे ‘लॅटेक्स-फ्री’ हे शब्द मोजा कशाचा बनला आहे एवढेच सांगतात. तो कशाने बांधला आहे हे सांगत नाहीत.

मग काय घ्यावे?

ॲक्सिलरेटरची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी ‘ॲक्सिलरेटर-फ्री’ नायट्राइल मोजे मिळतात. यात गंधक आणि त्याची मदतनीस रसायने वगळून दुवे बांधण्याच्या दुसऱ्या पद्धती वापरतात. बाजारातल्या साध्या मोज्यांपेक्षा ते महाग असतात, आणि प्रत्येक दुकानात मिळतीलच असे नाही. बऱ्याचदा मागवून घ्यावे लागतात. खोक्यावर नेमके ‘ॲक्सिलरेटर-फ्री’ असे लिहिलेले हवे. ‘सॉफ्ट’, ‘सेन्सिटिव्ह’, ‘स्किन-फ्रेंडली’ असल्या शब्दांना मी फार किंमत देत नाही. ‘हायपोॲलर्जेनिक’ हा शब्द तर इतका दिशाभूल करणारा ठरला की अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नैसर्गिक लॅटेक्सच्या वैद्यकीय वस्तूंवर तो छापायला १९९८ पासून मनाई केली.

रंगावरही जाऊ नका. निळा रंग हा नुसता रंग आहे. निळ्या रंगाचे व्हिनाइलचे मोजे असतात, व्हिनाइल आणि नायट्राइल यांच्या मिश्रणाचेही असतात. खोक्यावरचे शब्द वाचा.

व्हिनाइल, म्हणजे पीव्हीसीचे मोजे, रबर नाहीत. त्यात असे दुवे नसतात, म्हणून हे ॲक्सिलरेटरही नसतात. ते स्वस्त आहेत आणि घराघरांत वापरले जातात. पण वापरताना ते लवकर गळू लागतात आणि हातावर सैल बसतात. अंथरूण झटकणे, रुग्णाला मलम लावणे अशा थोड्या वेळाच्या कामांना ते चालतील. रक्त, लघवी, शौच किंवा जखमेचा पू यांच्याशी संबंध येणार असेल तर मी ते सुचवत नाही.

आणि एक इशारा. तुम्हाला लॅटेक्सची, म्हणजे मिनिटांत गांधी उठणारी ॲलर्जी असेल, तर तुमच्यासाठी साधे नायट्राइल मोजे योग्यच आहेत. वरची सगळी चर्चा वाचून त्यांना घाबरू नका.

तपासणी कशी करतात?

अंदाजाने खोके बदलत बसण्यापेक्षा एकदा त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्यावी. यात संशयित रसायने अगदी थोड्या प्रमाणात छोट्या चकत्यांमध्ये भरून पाठीवर चिकटवतात. ४८ तासांनी चकत्या काढून त्वचा पाहतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. दुसरी तपासणी चुकवू नका, कारण काही प्रतिक्रिया उशिरा उमटतात. या काळात पाठ भिजवायची नाही, घाम येईल असे काम करायचे नाही. पोटातून स्टिरॉइड चालू असेल किंवा पाठीवर स्टिरॉइडचे मलम लावत असाल तर आधी सांगा, नाहीतर निकाल खोटा नकारात्मक येऊ शकतो. जाताना तुम्ही वापरत असलेला मोजा आणि त्याचे खोके दोन्ही बरोबर घेऊन जा.

पॅच टेस्टमध्ये लॅटेक्सच्या प्रथिनांची झटपट होणारी ॲलर्जी कळत नाही. त्यासाठी रक्तातील आयजीईची किंवा प्रिक टेस्ट असते, आणि ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायची. ‘हातात मोजा घालून बघू काय होते’ असा प्रयोग घरी मुळीच करू नका.

आमच्या बाईंच्या पॅच टेस्टमध्ये थाययुरामच्या जागी लाल, खाजरा उंचवटा आला. मग मी त्यांना रबरी चपलांबद्दल विचारले. गेल्या उन्हाळ्यात पट्ट्यांखाली काळसर, खाजरे चट्टे आले होते; ते ‘उन्हामुळे’ असतील असे त्यांना वाटले होते. चपलांमध्येही हीच रसायने असतात.

थाययुरामची ॲलर्जी असेल तर दोन गोष्टी आवर्जून सांगतो, कारण त्या रुग्णांच्या ध्यानात येणे अवघड असते. शेतकरी पेरणीआधी बियाण्याला थायरम चोळतात, ते याच कुटुंबातले रसायन आहे. अशा माणसाने बीजप्रक्रिया दुसऱ्यावर सोपवावी. आणि दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिरॅम हे औषधही थाययुरामच आहे. ज्याला ही ॲलर्जी आहे, त्याने ते गिळले तर अंगभर पुरळ उठू शकते. घरात कुणाला हे औषध सुरू करणार असतील तर डॉक्टरांना ॲलर्जीची कल्पना द्या. गुपचूप भाजीत मिसळून तर ते कुणालाच देऊ नका. ते औषध तसेही जीवावर बेतू शकते.

मोजा वापरताना

चांगला मोजाही चुकीच्या वापराने निरुपयोगी होतो. तपासणीच्या नायट्राइल मोज्यांसाठी अमेरिकेत जे मानक आहे, त्यानुसार तुटण्याआधी त्याची लांबी किमान ५०० टक्क्यांनी वाढली पाहिजे. लॅटेक्सकडून ६५० टक्क्यांची अपेक्षा असते. मोजा भट्टीत ७० अंश सेल्सिअसला सुमारे सात दिवस ठेवून मुद्दाम जुना केल्यावर नायट्राइलला ४०० टक्के जमले पाहिजे. गळती पाहण्यासाठी मोज्यात एक लिटर पाणी भरून तो टांगतात. हे आकडे सांगण्याचे कारण असे की ताणण्यात नायट्राइल लॅटेक्सपेक्षा थोडे मागे आहे. एक आकार लहान मोजा बळेबळे चढवला तर तो अंगठ्याच्या बेचक्यात फाटतो. तुमच्या मापाचाच घ्या, अंगठ्या काढा, नखे कापा.

नायट्राइलला सुई किंवा टोकदार वस्तू लवकर भोसकत नाही, पण एकदा चीर पडली की ती सरसर वाढते. मला हा त्याचा गुणच वाटतो. लॅटेक्सला पडलेले बारीक भोक आक्रसून दडते आणि आपल्याला कळत नाही. नायट्राइल फाटलेले लगेच दिसते.

तेलाची गोष्ट महत्त्वाची आहे. रुग्णाला खोबरेल तेल, मिनरल ऑइल किंवा पेट्रोलियम जेली लावायची असेल तर लॅटेक्सचा मोजा वापरू नका, तेलाने तो फुगतो आणि कमजोर होतो. नायट्राइल तेलाला दाद देत नाही. पण नेलपॉलिश काढण्याच्या ॲसिटोनपुढे नायट्राइलचे काही चालत नाही, ते काही मिनिटांतच आरपार जाते. घरी कर्करोगाच्या गोळ्या किंवा त्या रुग्णाचे मलमूत्र हाताळायचे असेल तर त्या औषधांसाठी तपासलेले मोजे वेगळे असतात. कोणते घ्यायचे हे केमोथेरपी देणाऱ्या रुग्णालयातच विचारा.

मोजा धुऊन, सॅनिटायझर चोळून पुन्हा वापरू नका. डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा वाढतात. खोके खिडकीतल्या उन्हात किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. उष्णता आणि ऊन दुव्यांचा नाश करतात. हात धुऊन कोरडे झाल्यावरच मोजा घाला. वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त काम असेल तर मधे एकदा मोजा काढा, हात कोरडे होऊ द्या आणि नवा घाला. आत पातळ सुती मोजे घातले तर घाम शोषला जातो.

पुरळ आलेले असेल तर औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेले मलम आणून लावू नका. त्यातल्या निओमायसिनसारख्या औषधाचीच स्वतंत्र ॲलर्जी होते आणि मग दोन आजार एकमेकांत मिसळतात. डॉक्टरांनी दिलेले मलम ठरलेल्या दिवसांपुरते लावा. साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर मात्र दिवसातून कितीही वेळा चालेल.

हे डॉक्टरांना आधीच सांगा

मोजा घातल्यावर, फुगा फुगवताना किंवा दंतवैद्याकडे गेल्यावर काही मिनिटांत ओठ सुजणे, गांधी उठणे, घसा आवळल्यासारखा वाटणे यांपैकी काहीही एकदा जरी झाले असेल, तरी कोणत्याही शस्त्रक्रियेच्या किंवा बाळंतपणाच्या आधी ते सांगा. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर वाट पाहू नका, रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्या. अशा वेळी ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन जीव वाचवते.

केळी, किवी, ॲव्होकॅडो किंवा पपई खाल्ल्यावर तोंडात खाज येणाऱ्या काही जणांना लॅटेक्सचीही ॲलर्जी असते, कारण त्या फळांतली काही प्रथिने लॅटेक्समधल्या प्रथिनांसारखी असतात. मणक्याच्या जन्मजात दोषामुळे, म्हणजे स्पायना बायफिडामुळे ज्या मुलांवर लहानपणापासून अनेक शस्त्रक्रिया झाल्या आहेत आणि ज्यांना वारंवार कॅथेटर घालावे लागते, त्यांच्यात ही ॲलर्जी विशेष आढळते. अशा मुलांसाठी पहिल्या दिवसापासून लॅटेक्स टाळणे चांगले. घरात नुसते मोजे बदलून भागत नाही, कॅथेटरही पाहावे लागते. लघवीची बरीच स्वस्त कॅथेटर लॅटेक्सचीच असतात आणि त्यांवर सिलिकॉनचा फक्त लेप असतो. ‘सिलिकॉनयुक्त’ आणि ‘पूर्ण सिलिकॉनचे’ यांतला फरक वेष्टनावर वाचा.

बाईंच्या सासऱ्यांना लॅटेक्सचा त्रास नव्हता, त्यामुळे त्यांचे कॅथेटर बदलावे लागले नाही. बाईंना मी ॲक्सिलरेटर-फ्री मोजे, दहा दिवसांचे मलम आणि रबरी चपलेऐवजी कापडी पट्ट्यांची चप्पल सुचवली. सहा आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा मनगटावरचा लालसर पट्टा जवळजवळ गेला होता आणि कॅथेटरची देखभाल पुन्हा मोजे घालून चालू होती. मधे एकदा दुकानदाराने “तेच आहेत हो” म्हणून दुसरेच खोके दिले होते आणि तिसऱ्या दिवशी मनगट खाजू लागले. आता त्या पैसे देण्याआधी खोक्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढून मला पाठवतात.